अमक्याची बायको, तमक्याचा मुलगा

सांता क्लारा काउंटीत निवडणुकीच्या साधारण महिनाभर आधी नोंदणी केलेल्या मतदाराच्या घरी टपालानं मतपत्रिका येते. लिफाफ्यावर नाव असतं. घरात आई, बाबा, तुम्ही आणि धाकटी बहीण असे चार मतदार असाल, तर लिफाफेही चार येतात. कुटुंबप्रमुखाच्या नावानं एकच जाडजूड पाकीट येऊन काम भागत नाही.

यात विशेष ते काय, असं तुम्ही म्हणाल. पण लिफाफ्यावरचं हे नाव तिथं यायला फार वर्षं लागली आहेत. बायकांच्या बाबतीत लागली, तरुणांच्या बाबतीत लागली, आणि आपल्यासारख्या बाहेरून आलेल्यांच्या बाबतीत तर लागलीच.

दोन तक्रारी तुम्ही घरातल्या पार्टीत नक्की ऐकल्या असतील. पहिली, 'आजकालची मुलं मतच देत नाहीत.' दुसरी, 'राजकारणात बायका पुढे येत नाहीत, आल्या तरी नवराच कारभार बघतो.' दोन्ही तक्रारी मानसिकतेवर येऊन थांबतात: मुलं आळशी, समाज मागासलेला, संपला विषय. इतिहास बघितला तर वेगळंच दिसतं. मानसिकता बदलते, पण बऱ्याचदा ती शेवटी बदलते. त्याआधी यादी बदलावी लागते आणि नकाशा बदलावा लागतो. यादी म्हणजे मतदारयादी, आणि नकाशा म्हणजे मतदारसंघाचा. या लेखात या दोन गोष्टींचा माग काढू.

नाव सांगा, बाई

१९५१-५२. स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक. एकवीस वर्षांवरच्या प्रत्येकाला मत होतं. शिक्षणाची अट नव्हती, मालमत्तेची नव्हती, स्त्री-पुरुष असा भेद नव्हता. याद्या करणारे कर्मचारी दारोदार गेले, आणि अनेक ठिकाणी बायकांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही. 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढंच लिहा म्हणाल्या. परक्या पुरुषाला नाव सांगायची रीतच नव्हती.

पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन अडून बसले. मतदार म्हणजे एक व्यक्ती, आणि व्यक्तीला तिचं स्वतःचं नाव हवं. पुन्हा नावं विचारली गेली. तरीही सुमारे २८ लाख स्त्रियांची नावं मिळाली नाहीत, आणि त्या नोंदी यादीतून काढून टाकल्या गेल्या. तेव्हा देशात स्त्री मतदार आठ कोटींच्या आसपास होत्या. म्हणजे हक्क मिळाला होता, पण नाव नसल्यामुळे तो हातात आला नाही.

वगळलेली बहुतेक नावं बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य भारत या पट्ट्यातली होती. म्हणून आपण मराठी लोकांनी लगेच कॉलर ताठ करायचं कारण नाही. लग्नात तांदळात अंगठीनं नवं नाव लिहून नवरीचं पहिलं नावसुद्धा बदलायची पद्धत आपलीच. माहेरची इंदू सासरी सुमती व्हायची. तुमच्या पणजीची अशी दोन नावं होती का, हे आजीला एकदा विचारून बघा.

सेन यांची ही अट अंगवळणी पडलेल्या एका कल्पनेच्या विरोधात होती, आणि ती कल्पना केवळ खेड्यातल्या बायकांची नव्हती, सरकारचीही होती. मुंबई इलाख्यात १९२१ साली स्त्रियांना प्रांतिक मताधिकार मिळाला. रमाबाई रानडे यांच्यासारख्या कार्यकर्त्या त्या चळवळीत होत्या. पण मत होतं मालमत्तेच्या अटीवर, आणि मालमत्ता बहुतेक घरांत पुरुषाच्या नावावर. मग १९३५च्या कायद्यात ब्रिटिशांनी वेगळी वाट काढली: नवरा पात्र असेल तर त्याची बायको म्हणून तिलाही मत. मतदार स्त्रियांची संख्या त्यामुळे एकदम वाढून ६० लाखांच्या आसपास गेली. तरीही अखिल भारतीय महिला परिषदेसारख्या संघटनांनी या तरतुदीला विरोध केला होता. त्यांचं म्हणणं सरळ होतं. मत बायको म्हणून नको, नागरिक म्हणून हवं; आणि सगळ्यांनाच हवं.

पुढचे आकडे बघा. १९६२च्या लोकसभा निवडणुकीत पुरुषांचं मतदान सुमारे ६३ टक्के होतं, स्त्रियांचं सुमारे ४७. सोळा-सतरा टक्क्यांची दरी. २०१९मध्ये ती संपली, आणि लोकसभेच्या निवडणुकीत पहिल्यांदाच स्त्रियांचं मतदान पुरुषांच्या किंचित पुढे गेलं. आधी नाव यादीत आलं, आणि मग पुढच्या साठ-सत्तर वर्षांत पावलं हळूहळू केंद्राकडे वळली.

आणि इकडे अमेरिकेत?

'भारतात असं होतं, अमेरिका पुढारलेली' असं वाटत असेल, तर सॅन फ्रान्सिस्कोला जाऊ. कॅलिफोर्नियात स्त्रियांना मताधिकार मिळाला १० ऑक्टोबर १९११च्या मतदानात, आणि तोही राज्यभरात अवघ्या ३,५८७ मतांच्या फरकानं. सॅन फ्रान्सिस्को शहरानं विरोधात कौल दिला होता. तारून नेलं ते गावांनी आणि शेतीच्या खोऱ्यांनी.

त्या चळवळीत काम केलेली एथेल मॅकेन्झी १९१३मध्ये मतदार म्हणून नाव नोंदवायला गेली. तिला परत पाठवलं. जन्म कॅलिफोर्नियातला, आयुष्य इथंच गेलेलं, पण १९०९मध्ये तिनं एका ब्रिटिश नागरिकाशी लग्न केलं होतं. १९०७च्या कायद्यानुसार परदेशी माणसाशी लग्न करणाऱ्या अमेरिकन स्त्रीचं नागरिकत्व जात असे. ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढली आणि १९१५मध्ये हरली. जो हक्क मिळवायला ती झटली, तो तिला स्वतःला 'अमक्याची बायको' असल्यामुळे मिळाला नाही.

१९२२च्या केबल कायद्यानं ही अट बरीच सैल केली, पण एक गाठ ठेवली: नवरा जर 'नागरिकत्वास अपात्र' वंशाचा असेल, तर बायकोचं नागरिकत्व जाणारच. अपात्र म्हणजे मुख्यतः आशियाई. १९२३मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं भारतीयांनाही अपात्र ठरवलं, आणि भारतीयांशी लग्न केलेल्या अमेरिकन स्त्रिया त्या गाठीत अडकल्या. क्रांतिकारक तारकनाथ दास यांची अमेरिकन पत्नी मेरी हिचं नागरिकत्व असंच गेलं. १९३१मध्ये कायदा बदलेपर्यंत हे चाललं.

त्या निकालाची झळ थेट तुमच्या काउंटीपर्यंत पोचली. सॅन फ्रान्सिस्कोत दुकान चालवणारे वैष्णोदास बगाई यांनी १९२१मध्ये अमेरिकन नागरिकत्व घेतलं होतं. थिंड निकालानंतर ते काढून घेतलं गेलं. आता ते कुठल्याच देशाचे राहिले नाहीत. १९२८मध्ये सॅन होजेत एक खोली भाड्यानं घेऊन त्यांनी जीवन संपवलं. मागे राहिलेल्या कला बगाई यांनी तीन मुलं वाढवली, आणि १९४६च्या कायद्यानं भारतीयांना दार उघडल्यावर त्या नागरिक झाल्या. बर्कलीतल्या एका रस्त्याला आज त्यांचं नाव आहे. तिथून जाताना पाटी दिसली तर क्षणभर थांबा.

'आईबाबांच्या गावी जाऊन नोंदणी करा'

आता तरुणांकडे येऊ. त्यांची गोष्ट बायकांच्या गोष्टीशी किती जुळते बघा.

१ जुलै १९७१ रोजी अमेरिकेत मतदानाचं वय २१ वरून १८ झालं. व्हिएतनामच्या युद्धावर अठराव्या वर्षी पाठवता, मग मत का नाही, हा त्यामागचा सवाल. (भारतात हेच वय १९८९मध्ये १८ झालं.) कॅलिफोर्नियातली मुलं नाव नोंदवायला गेली, तर अधिकारी म्हणाले, तुम्ही अविवाहित आहात, एकवीसच्या आत आहात, म्हणजे तुमचं घर ते तुमच्या आईबाबांचं. तुम्ही इथं राहता, इथं शिकता, काम करता, इथं भाडं भरता, ते सगळं खरं. पण नोंदणी आईबाबांच्या पत्त्यावर करा.

म्हणजे बायको नवऱ्याच्या नावावर, तसा विद्यार्थी आईबाबांच्या पत्त्यावर. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानं १९७१मध्येच जोलिकर विरुद्ध मिहाली या खटल्यात हे मोडून काढलं. मतदानाच्या बाबतीत अठरा वर्षांचा माणूस पूर्ण प्रौढ आहे आणि त्याचं घर तो स्वतः ठरवेल, असा निकाल दिला. आज सॅन होजे स्टेटमध्ये किंवा सांता क्लारा युनिव्हर्सिटीत शिकणारा नागरिक विद्यार्थी इथल्या पत्त्यावर मत देऊ शकतो, त्याचं मूळ या निकालात आहे.

यादी सुधारली म्हणजे सगळं झालं असं मात्र नाही. १९७२मध्ये पहिल्यांदा हक्क मिळाला, तेव्हा १८ ते २४ वयाच्या जवळपास निम्म्या लोकांनी मत दिलं. २०२०ची अध्यक्षीय निवडणूक गाजली, तरी या वयाच्या नागरिकांचं मतदान ५१ टक्क्यांच्या आसपासच होतं. ६५ ते ७४ वयाच्यांचं ७६. आणि अध्यक्षपदाची निवडणूक नसते त्या वर्षी तर पाणी आणखी खाली जातं. २०१४मध्ये या वयातल्या साधारण सहा जणांपैकी एकानंच मत दिलं. म्हणजे पार्टीतले काका अगदीच चुकत नाहीत. पण मग उरलेल्या पाच जणांच्या आळसाबरोबरच दुसरंही काही शोधायला हवं, आणि तिथं नकाशा येतो.

नकाशा

१९७४मध्ये सॅन होजेनं जॅनेट ग्रे हेज यांना महापौर निवडलं. पाच लाखांवर वस्ती असलेल्या अमेरिकन शहराच्या त्या पहिल्या निवडून आलेल्या स्त्री महापौर. फळबागा तोडून शहर सैरावैरा पसरत होतं, आणि आधी शहर चांगलं करू, मग मोठं करू, हा त्यांचा प्रचार होता. शाळा, गटारं, रहदारी असल्या 'किरकोळ' प्रश्नांतून त्या राजकारणात आल्या होत्या. आपल्याकडे मृणाल गोरे याच सुमाराला मुंबईत पाण्याच्या आणि महागाईच्या प्रश्नावर लाटणं मोर्चे काढत होत्या, त्याची आठवण होते.

पण एक स्त्री महापौर होणं वेगळं आणि बायकांचं बहुमत होणं वेगळं. त्या काळी सॅन होजेत नगरसेवक अख्ख्या शहरातून निवडले जात. एवढ्या मोठ्या शहरभर प्रचार करायचा तर पैसा हवा, ओळखी हव्यात. १९७८मध्ये मतदारांनी प्रभाग पद्धत मंजूर केली, आणि १९८०मध्ये प्रभागवार पहिली निवडणूक झाली. आता दारोदार चालत प्रचार करणं एका माणसाच्या आवाक्यात आलं. त्या निवडणुकीनंतर ११ जणांच्या नगरपरिषदेत सात स्त्रिया होत्या. त्यात ब्लँका अल्वाराडो होत्या, परिषदेतल्या पहिल्या लॅटिना. काउंटीच्या पाच जणांच्या पर्यवेक्षक मंडळातही तीन स्त्रिया होत्या. त्यातल्या झोई लॉफग्रेन पुढे काँग्रेसमध्ये गेल्या. लोक सॅन होजेला 'स्त्रीवादी राजधानी' म्हणू लागले.

इथं गोष्ट संपवली असती तर ती सोपी झाली असती. पण लगेच, जुलै १९८१मध्ये, याच शहराचे कर्मचारी संपावर गेले. मागणी होती बरोबरीच्या मोलाच्या कामाला बरोबरीचा पगार. ग्रंथपाल, कारकून अशा बायकांच्या मानल्या गेलेल्या कामांना, तेवढ्याच जबाबदारीच्या पुरुषी कामांपेक्षा कमी पगार मिळत होता. समोर मालक कोण? बायकांचं बहुमत असलेली नगरपरिषद. नऊ दिवस संप चालला, आणि ही दरी भरायला सुमारे १५ लाख डॉलर मंजूर झाले. स्त्रिया सत्तेत आल्या म्हणून न्याय आपोआप झाला नाही. तो मागावाच लागला. आणि ते बहुमतही टिकलं नाही. काउंटीच्या मंडळात २०१३नंतर काही वर्षं पाचात एकच स्त्री होती. २०२५मध्ये पुन्हा पाचात चार झाल्या. रेष सरळ वर जात नाही.

शेजारच्या सांता क्लारा शहराची गोष्ट तर अगदी अलीकडची. तिथं २०१८पर्यंत परिषदेचे सदस्य सगळ्या शहरातून निवडले जात. लोकसंख्येत आशियाई लोक चाळीस टक्क्यांच्या आसपास, आणि परिषदेवर निवडून आलेला आशियाई सदस्य तोपर्यंत एकही नाही. काही रहिवासी कोर्टात गेले, राज्याच्या मतदान हक्क कायद्याखाली जिंकले, आणि शहराचे सहा प्रभाग झाले. त्याच वर्षी भारतीय वंशाचे राज चहल निवडून आले, २०२०मध्ये सुड्स जैन. मतदार तेच होते, गल्ल्या त्याच होत्या. फक्त नकाशावर रेघा मारल्या गेल्या. शहर एका दिवसात उदार झालं, असं काही घडलं नव्हतं.

मग मन बदलतं का?

आता 'सरपंचपती'वाल्या काकांकडे वळू. महाराष्ट्रात १९९०मध्ये स्थानिक संस्थांत स्त्रियांना ३० टक्के जागा राखीव झाल्या. ७३व्या आणि ७४व्या घटनादुरुस्तीनं १९९३पासून देशभर किमान एक तृतीयांश. २०११मध्ये महाराष्ट्रानं ते प्रमाण निम्म्यावर नेलं. काकांचा आक्षेप असा: राखीव जागा आहे म्हणून बाई उभी राहते, आरक्षण हटलं की घरी बसते.

हे खरं आहे का, हे तपासलं रिखिल भावनानी यांनी. ते तेव्हा स्टॅनफर्डमध्ये, म्हणजे तुमच्याच काउंटीत, संशोधन करत होते. त्यांनी मुंबई महापालिका घेतली. तिथं कुठले वॉर्ड राखीव होणार हे चिठ्ठ्या टाकून ठरत असे, त्यामुळे तुलना नीट करता येते. १९९७मध्ये राखीव असलेले पण २००२मध्ये खुले झालेले वॉर्ड एकीकडे, आणि दोन्ही वेळा खुले असलेले दुसरीकडे. निष्कर्ष २००९मध्ये प्रसिद्ध झाला: आधी राखीव असलेल्या वॉर्डातून, आरक्षण नसतानाही, स्त्री निवडून येण्याची शक्यता सुमारे पाचपट होती. निवडून आलेल्या बायका घरी बसल्या नाहीत, आणि बाई जिंकू शकते हे पक्षांना कळलं.

पश्चिम बंगालमधल्या बीरभूम जिल्ह्यातला अभ्यास आणखी बोलका आहे. तिथं लोकांना एकच भाषण ऐकवलं, कुणाला पुरुषाच्या आवाजात, कुणाला स्त्रीच्या. जिथं स्त्री प्रधान कधीच नव्हती, तिथं पुरुष श्रोत्यांनी बाईच्या आवाजातलं तेच भाषण कमी दर्जाचं ठरवलं. जिथं स्त्री प्रधान पाहिली होती, तिथं हा फरक जवळपास गेला. गंमत म्हणजे 'पुढारी पुरुषच बरा' ही आवड फारशी बदलली नव्हती. बदललं होतं ते कामाचं मोजमाप. मुलींवरचा परिणाम मात्र खोल होता. दोन वेळा स्त्री प्रधान झालेल्या गावांत, मुलगा आणि मुलगी यांच्याबद्दल आईबापांच्या अपेक्षांमधलं अंतर एक चतुर्थांशानं कमी झालं, आणि मुलामुलींच्या स्वतःच्या अपेक्षांमधलं जवळपास एक तृतीयांशानं.

आणि जिथं राखीव जागा नाहीत तिथं? महाराष्ट्राच्या विधानसभेत २८८ जागा. २०२४मध्ये निवडून आलेल्या स्त्रिया पंचवीससुद्धा नाहीत. लोकसभा आणि विधानसभांत एक तृतीयांश जागा देणारा कायदा २०२३मध्ये झाला, पण त्याची अंमलबजावणी जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेला बांधलेली आहे. पुन्हा यादी आणि नकाशा.

तुमचा लिफाफा

आता तुमच्याबद्दल. तुम्ही सगळे एका रांगेत नाही आहात, हे आम्हाला ठाऊक आहे.

तुम्ही इथले नागरिक असाल, तर कॅलिफोर्नियात सोळाव्या वर्षापासून पूर्वनोंदणी करता येते. अठरा झालात की नाव आपोआप चालू होतं. मतपत्रिकेत अध्यक्षपदाच्या खालच्या ओळी वाचायला विसरू नका. शाळा मंडळ, पाणी मंडळ, नगरपरिषद. तिथं निकाल कधी कधी थोड्याशा मतांवर लागतो, आणि हेज यांच्यासारख्या स्त्रिया तिथूनच वर आल्या.

तुम्ही शिकायला किंवा नोकरीला आलेले भारतीय नागरिक असाल, तर इथं मत नाही, आणि चुकूनही इथली नोंदणी करू नका. परिणाम गंभीर होतात. पण तुमचं भारतातलं मत गेलेलं नाही. २०११पासून फॉर्म ६-अ भरून परदेशी मतदार म्हणून नाव नोंदवता येतं. अडचण अशी, की मत द्यायला पासपोर्ट घेऊन स्वतः आपल्या गावच्या केंद्रावर जावं लागतं. म्हणूनच २०२४च्या लोकसभेला नोंदणी झालेले परदेशी मतदार होते सुमारे १.१९ लाख, आणि प्रत्यक्ष मत दिलं अवघ्या २,९५८ जणांनी. या नोंदणी झालेल्यांत स्त्रिया जेमतेम १३ हजार होत्या. एकेका विमानाच्या तिकिटाएवढं महाग मत असेल, तर कमी मतदानाला फक्त उदासीनता कसं म्हणायचं?

आणि तुमच्यापैकी काही जणी, काही जण एच-४ व्हिसावर आहात. कागदावर तुमची ओळख 'अवलंबित': अमक्याची बायको, अमक्याचा नवरा, तमक्याचा मुलगा. मुलं एकवीस वर्षांची झाली की ती ओळखही जाते. पदवीधर, कमावती, चार भाषा बोलणारी बाई सनीव्हेलमध्ये राहते, आणि सरकारी नोंदीत ती दुसऱ्याच्या अर्जाची पुरवणी असते. २०१५च्या नियमानं त्यातल्या काहींना निदान काम करायची परवानगी दिली. १९५१मध्ये दारात उभ्या राहिलेल्या त्या बाईला आपण हसणार असू, तर जरा जपून.

तुम्हाला मत नसेल तरी नगरपरिषदेच्या सभेत बोलायला नागरिकत्व लागत नाही. लोकांना बोलण्यासाठी वेळ राखून ठेवलेला असतो, मिनिट-दोन मिनिटांचा. प्रभागांच्या रेघा दर जनगणनेनंतर नव्यानं मारल्या जातात, तेव्हा रहिवाशांचं म्हणणं ऐकलं जातं, आणि जनगणनेत मोजले तर तुम्हीही जाता, व्हिसा कुठलाही असो.

पुढच्या वेळी घरी लिफाफे आले, की ते टेबलावर एकत्र पडू देऊ नका. प्रत्येकाचा ज्याच्या त्याच्या हातात द्या. आई म्हणाली, 'बाबा सांगतील तिथं खूण करते,' तर भांडू नका. तिच्या शेजारी बसा आणि खालच्या ओळी दोघं मिळून वाचा. तिच्या लिफाफ्यावर तिचं नाव आहे. सही तिलाच करायची आहे.